शर्ट कुणाचा, कल्पना कुणाची

निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण चार लोक जमले की कुणीतरी हमखास म्हणतं, "आपटे मॅडम, तुमच्या त्या कंपनीतलं सांगा ना काहीतरी!" मी काही मोठं पद भूषवलेलं नाही. सॉफ्टवेअर कंपनीत होते, पण सॉफ्टवेअर लिहीत नव्हते. ते कसं वापरायचं याची माहितीपुस्तकं लिहायचे. जी कुणीच वाचत नाही, ती! किस्से मात्र साठत गेले. घरात प्लॅस्टिकच्या पिशव्या साठतात ना, तसे. मुद्दाम आणलेली एकही नसते, टाकवत नाही, आणि एक ओढली की दहा बाहेर येतात.

तर आज पिशवी ओढते ती लाँड्रीची.

हिंजवडीत तेव्हा काचेच्या इमारती नुकत्या उगवायला लागल्या होत्या. आमच्या तिसऱ्या मजल्यावरून एका बाजूला काच दिसायची आणि दुसऱ्या बाजूला ज्वारी. मोबाइल खिशात आला होता, पण फोटो काढायला शिकला नव्हता. आणि आम्ही त्या काचेच्या इमारतीत बसून इंग्लंडातल्या एका लाँड्रीसाठी सॉफ्टवेअर बनवत होतो. हसू नका. मोठी लाँड्री होती, गावोगाव शाखा, रोज हजारो कपडे. प्रत्येक कपड्याला नंबराचा टॅग, आणि तो नंबर आमच्या सॉफ्टवेअरमध्ये. टॅग पिनेने लावला तर भोक पडतं म्हणून गिऱ्हाईक भांडायचं, शिवला तर वेळ जायचा, चिकटवला तर धुताना गळायचा. मग एकाची पँट दुसऱ्याच्या घरी! सॉफ्टवेअरच्या हिशेबाने सगळं बरोबर असायचं, फक्त पँट चुकीची.

शेवटी इंग्लंडहून निरोप आला. तीन महिन्यांत काहीतरी नवीन काढा, नाहीतर काम बंद.

त्या कामावर सव्वीस पोरंपोरी होती आणि त्यांचा टीम लीड होता वानखेडे. अमरावतीचा, तिशीतला, अतिशय गुणी मुलगा. आमचे डायरेक्टर प्रधान सर यांनी त्याला केबिनमध्ये बोलावून सांगितलं, "नाही जमलं, तर नोकरी गेली हे टीमला तूच सांगायचं. तुझं त्यांच्याशी चांगलं जमतं."

वानखेडे बाहेर आला तो पांढराफटक पडलेला. मला म्हणाला, "मॅडम, यातल्या नऊ जणांना मीच तिकडून घेऊन आलो ना. त्यांच्या मायबापाले काय सांगू?"

प्रधान सरांनी मात्र उत्तर शोधून ठेवलं होतं. त्यांनी एक प्रशिक्षक आणला.

*

प्रशिक्षकाचं नाव निखिल. वय अठ्ठावीस, दाढी कोरलेली, आणि व्हिजिटिंग कार्डावर लिहिलेलं, 'सर्जनशीलता'. बाकी काही नाही, नुसतं सर्जनशीलता. जगात कल्पना सुचवण्याच्या जितक्या म्हणून पद्धती आहेत, तितक्या त्याला येत होत्या. कल्पना तेवढ्या आम्ही सुचवायच्या होत्या.

फळ्यावर लिहायचं काम माझ्याकडे आलं, कारण माझं अक्षर चांगलं. त्यामुळे पुढचे तीन महिने त्या इमारतीतली प्रत्येक वेडगळ कल्पना सुवाच्य अक्षरात नोंदली गेली.

पहिल्या दिवशी निखिलने नियम सांगितला, "इथे कुणाच्याही कल्पनेला नाही म्हणायचं नाही!"

पुण्यात!

मी आधी जोशींकडे बघितलं. जोशी आमचे सगळ्यात जुने टेस्टर. दुसऱ्याने केलेल्या सॉफ्टवेअरमधल्या चुका काढायच्या, हे त्यांचं काम. याचा पगारही मिळतो हे त्यांना बऱ्याच उशिरा कळलं असावं, कारण त्याआधी ते घरी, सोसायटीत आणि लग्नकार्यात हे फुकट करायचे.

निखिलने टेबलावर हॉटेलात असते तसली एक घंटी ठेवली. कुणी टीका केली की घंटी वाजणार.

पहिली कल्पना एका नवीन मुलाची. "सर, प्रत्येक घराला एक रंग ठरवून द्यायचा. त्या घरच्यांनी त्याच रंगाचे कपडे घालायचे."

जोशी म्हणाले, "आणि मुलीचं लग्न झालं की?"

ट्रिंग!

"मी फक्त प्रश्न विचारला," जोशी म्हणाले.

"सर, प्रश्नात टीका होती."

दुसरी कल्पना आली. जोशी नुसतं "हं" म्हणाले. सांगणारा मुलगा आपोआप खाली बसला. ट्रिंग! 'हं'वर बंदी आली.

तिसऱ्या कल्पनेला जोशींनी काहीच केलं नाही. फक्त चष्मा काढला, रुमालाने सावकाश पुसला आणि परत लावला. त्या वीस सेकंदांत तिघांनी आपापल्या कल्पना मागे घेतल्या. निखिलचा हात घंटीवर अधांतरी राहिला, कारण चष्मा पुसण्याविरुद्ध नियम नव्हता.

दुसऱ्या दिवशी झाला. फळ्यावर सगळ्यात वर मी सुवाच्य अक्षरात लिहिलं : सेशनमध्ये चष्मा पुसू नये.

*

पुढच्या आठवड्यात नवीन पद्धत. कुठलाही असंबद्ध शब्द घ्यायचा आणि आपल्या समस्येला जोडायचा. म्हणे त्यातून मेंदूला धक्का बसतो. सगळ्यांनी चिठ्ठ्यांवर एकेक शब्द लिहिला, निखिलने डोळे मिटून एक उचलली. जेवायची वेळ झाली होती, त्यामुळे शब्द निघाला 'वांगं'.

शर्ट आणि वांगं! दहा मिनिटं सगळे आपापल्या शर्टाची बटणं चाचपत बसले. वानखेडेची अवस्था अशी, की बुडत्याला काडी दिली तरी तो धरणार. तो म्हणाला, "वांग्याला देठ असते. आपण कपड्याले देठ काढलं तर? म्हणजे एक पट्टी. टॅग देठाले लावायचा."

निखिलने टाळ्या वाजवल्या. जोशी खिडकीबाहेर बघायला लागले. त्याला अजून बंदी नव्हती.

प्रधान सरांनी संध्याकाळच्या आत इंग्लंडला मेल पाठवली. विषय : देठ-आधारित ओळख प्रणाली. तीन दिवसांनी एका शब्दाचं उत्तर आलं, "इंटरेस्टिंग."

ऑफिसात नुसता जल्लोष! वानखेडे पेढे घेऊन आला. जोशींनी पेढा घेतला, तोंडात टाकला आणि शांतपणे म्हणाले, "वानखेडे, इंटरेस्टिंग म्हणजे आपल्याकडचं 'कळवतो'. मुलगी बघून झाल्यावर जिना उतरताना म्हणतात, ते."

आणि तसंच झालं. त्या देठाबद्दल इंग्लंडहून पुन्हा कधी कुणी काही कळवलं नाही.

*

मग 'समस्येच्या भूमिकेत शिरा' अशी एक पद्धत आली. कुणीतरी शर्ट व्हायचं, बाकीच्यांनी लाँड्री व्हायचं. शर्ट कोण? अर्थात टीम लीड!

वानखेडेला चाकाच्या खुर्चीत बसवलं. चार जण वॉशिंग मशीन झाले आणि त्यांनी त्याला गरागरा फिरवला. दोघं इस्त्री झाले. मग त्याच्या शर्टावर चिकटवलेला कागदी नंबर ओढून काढला आणि त्याला मीटिंग रूमच्या बाहेर, चुकीच्या घरी, ढकलून दिला.

बाहेर दुसऱ्या एका कंपनीचे दोन पाहुणे प्रधान सरांची वाट बघत बसले होते. त्यांच्या पुढ्यात खुर्चीसकट वानखेडे अवतरला. मागोमाग निखिल धावत आला आणि गुडघ्यांवर बसून हळुवार आवाजात विचारता झाला, "शर्ट म्हणून तुला आत्ता काय वाटतंय?"

वानखेडेची मान अजून फिरत होती. म्हणाला, "घरी जाऊ द्या ना बाप्पा!"

पाहुणे घाईघाईने उठले आणि पुन्हा येतो म्हणाले. ते काही परत आले नाहीत.

*

खडकवासल्याचं लवकर आटपते. निसर्गात डोकं चालतं म्हणून कंपनीच्या बसने सगळ्यांना धरणावर नेलं. एक तास कुणी कुणाशी बोलायचं नाही, फक्त पाण्याकडे बघायचं आणि ते काय सांगतंय ते ऐकायचं. आम्ही बघितलं. कणसं खात बघितलं, पण बघितलं.

तासाभराने निखिलने जोशींना विचारलं, "सर, पाण्याने काय सांगितलं?"

"साठा कमी आहे. पुढच्या महिन्यात कपात होणार."

झालीही!

*

रंगीत चिकटचिठ्ठ्यांचा प्रयोग मात्र भव्य होता. काचेची अख्खी भिंत, आणि तिच्यावर सव्वीस जणांनी दिवसभर चिकटवलेल्या पिवळ्या, गुलाबी, हिरव्या चिठ्ठ्या. प्रत्येक चिठ्ठीवर एक कल्पना. संध्याकाळी भिंत गुढीपाडव्याला नटल्यासारखी दिसत होती. उद्या सकाळी वर्गवारी करू, असं ठरवून सगळे बसमध्ये बसले.

सकाळी येऊन बघतो तर भिंत लख्ख! पलीकडची ज्वारीसुद्धा स्पष्ट दिसत होती.

आमच्याकडे साफसफाईला कमलताई होत्या. कामाला वाघ. काचेवर बोटाचा ठसा दिसला तरी त्यांना चैन पडायचं नाही, तिथे इतके कागद म्हणजे काय! वानखेडे डोकं धरून बसला. कमलताई बिचाऱ्या घाबरल्या. म्हणाल्या, "फेकले नाहीत हो, नीट लावून ठेवलेत," आणि त्यांनी कपाटातून तीन गठ्ठे काढले. पिवळे एकत्र, गुलाबी एकत्र, हिरवे एकत्र, रबर लावलेले.

निखिलने ते गठ्ठे हातात घेतले. उलटसुलट करून बघितले. त्याचे डोळे चमकले. "वर्गवारी झाली की! पिवळ्या कल्पना, गुलाबी कल्पना, हिरव्या कल्पना!"

याच तीन वर्गांवर त्याने तीस पानांचा अहवाल केला. हिरव्या कल्पना दूरगामी असतात, असा त्यात निष्कर्ष होता. प्रधान सरांनी तो संचालक मंडळापुढे वाचला आणि मंडळाला पटलाही. खरं कारण मला ठाऊक होतं. हिरवं पॅड दुपारी जेवणानंतर, सगळे पेंगत असताना उघडलं होतं.

*

या सगळ्या गमतीजमतीत दोन महिने सरले. एक दिवस टीममधली एक मुलगी लग्नाची पत्रिका घेऊन आली. नवरा मुलगाही पुण्यातच नोकरीला, त्यामुळे ती भलती खुशीत होती. वानखेडेने तिचं तोंडभरून अभिनंदन केलं आणि पँट्रीत जाऊन भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. मी चहा घ्यायला गेले तेव्हा मला दिसला. फार वाईट वाटलं. मी नुसताच त्याला चहा दिला. अशा वेळी काय बोलायचं याची पद्धत निखिलने शिकवली नव्हती.

त्याच आठवड्यात 'पाच वेळा का' झालं. म्हणजे समस्या घ्यायची आणि पाच वेळा 'का' विचारायचं, की म्हणे मुळाशी पोचता येतं. या वेळी प्रधान सर स्वतः हजर. 'का' विचारायचं काम निखिलने विश्वासाने जोशींना दिलं. टीका नाही, फक्त 'का'. जोशींना जन्मात इतकं सोयीचं काम मिळालं नव्हतं.

"कपडे बदलतात. का?"

"टॅग गळतो," वानखेडे म्हणाला.

"का?"

"चिकटवलेला असतो म्हणून."

"का?"

"आपणच तसा सल्ला दिला होता त्यांना."

खोलीत सगळ्यांनाच माहीत होतं की तो सल्ला कुणी, कुठल्या मीटिंगमध्ये आणि कुणाचंही न ऐकता दिला होता. फळ्याशी मी खडूसारखी उभी. जोशींनी चौथ्यांदा तोंड उघडलं.

"माझ्या मते," प्रधान सर उठत म्हणाले, "आपल्या कंपनीच्या आकाराला तीन 'का' पुरेत."

*

निखिलला आमच्याकडून खरा आनंद मिळाला तो एकाच दिवशी. त्या दिवशीची पद्धत उलटी होती. समस्या सोडवायची नाही, वाढवायची. कपडे जास्तीत जास्त कसे हरवता येतील ते सांगा!

अहो, काय सांगू! जी मंडळी दोन महिने घशात काटा अडकल्यासारखी बसली होती, त्यांना वाचा फुटली. घंटी कोपऱ्यात पडून राहिली. एकच नंबर दोघांना द्या! तक्रारीचा फॉर्म सात पानी करा! फॉर्मवर कपड्याचा रंग विचारा, पण यादीत पांढरा सोडून रंगच ठेवू नका! जोशींनी एकट्याने एक फळा भरला. माझा हात दुखायला लागला.

तेवढ्यात मागून एक मुलगी दबक्या आवाजात म्हणाली, "सर, ते रंगाचं... ते आहे आपल्यात. मीच केलंय मागच्या महिन्यात."

मग दुसरा म्हणाला, "एकच नंबर दोघांना... तेही जातं कधी कधी."

संध्याकाळपर्यंत निम्मी यादी आमच्याच सॉफ्टवेअरमध्ये सापडली. प्रधान सर जोशींवर घसरले, "इतके दिवस तुम्ही झोपला होतात का?"

"हे सगळं मी वर्षभर लेखी देतोय, सर. तेव्हा ती टीका होती. आज टेक्निक आहे."

*

आणि शेवटच्या महिन्यात आगगाडी. सेशनच्या आधी अंगात उत्साह यावा म्हणून एकामागे एक उभं राहायचं, पुढच्याच्या खांद्यावर हात ठेवायचे आणि खोलीभर फिरायचं. जोशींच्या मागे उभं राहायला कुणी धजेना, म्हणून मी राहिले.

त्यांची कॉलर मागून जराशी उलटली होती. आतल्या बाजूला बारीक काळी खूण दिसली. दोन टिंबं आणि खाली एक रेघ.

"जोशी, हे काय?"

"ती आमच्या परटाची खूण. दत्तोबा म्हणून आहेत, एरंडवण्यात. बिब्ब्यात सुई बुडवून करतात. प्रत्येक घराची वेगळी."

"धुतली की जाते?"

"शर्ट जातो. खूण राहते."

"आणि कपडे बदलतात कधी?"

"आमचे तरी नाहीत."

आगगाडी जागच्या जागी थांबली. सव्वीस पोरंपोरी, निखिल, सगळे जोशींच्या मानेकडे बघत राहिले. वानखेडे पुढे झाला. "सर... तुम्हाले हे माहीत होतं? मग अडीच महिने सांगितलं का नाही?"

जोशी कॉलर नीट करत म्हणाले, "तुम्ही नवीन कल्पना मागितल्या होत्यात. ही जुनी आहे."

*

प्रधान सरांनी 'कॉलर-आधारित ओळख प्रणाली' त्याच दिवशी इंग्लंडला कळवली. आणि बिब्ब्याच्या खुणेत इंग्लंडने बिब्बा घातला! आमची गिऱ्हाइकं कपड्यावर डाग खपवून घेणार नाहीत, असं तिथल्या लाँड्रीच्या मुख्य बाईंनी स्पष्ट लिहिलं. काम पुढे चालू ठेवायचं की बंद करायचं, ते ठरवायला त्या स्वतः पुण्याला यायला निघाल्या होत्या. मेलच्या शेवटी एक ओळ होती. खूण करणाऱ्या त्या माणसाला मात्र एकदा बघायचंय.

बाई आल्या त्या दिवशी सकाळी एरंडवण्याच्या गल्लीत आमची वरात निघाली. प्रधान सर, बाई, वानखेडे, जोशी आणि दुभाषी म्हणून मी. एका बंगल्याच्या कंपाउंडला टेकून दत्तोबांची पत्र्याची टपरी. प्रधान सरांनी आदल्या दिवशीच तिथे 'आमचे इनोव्हेशन पार्टनर' असा फ्लेक्स लावून घेतला होता. दत्तोबांनी त्याच्यावर पँटी वाळत घातल्या होत्या.

दत्तोबा मूळचे लोणी काळभोरचे, साठीला टेकलेले. कोळशाच्या इस्त्रीने शर्ट कडक करत होते. पाहुणे आले म्हणून हात थांबला नाही, नुसती मान लवली.

बाईंनी बिब्ब्याची खूण बघितली, बोटाने घासून बघितली. मग मान हलवली. कल्पना सुरेख आहे, पण आमच्याकडे चालायची नाही. प्रधान सरांचा चेहरा पडला. वानखेडेचा तर आधीच पडलेला होता. त्याच्या खिशातला फोन एकसारखा थरथरत होता. तिकडे हिंजवडीत सव्वीस जण एका फोनभोवती बसून होते आणि सकाळपासून कुणी चहासुद्धा घेतला नव्हता.

"काय म्हनत्यात बाई?" दत्तोबांनी मला विचारलं.

मी सांगितलं.

"बरोबर हाय की त्यांचं! भारी कापडाला मी बी लावत न्हाई. रेशमाला बिब्बा लावला तर बाया जीव घेतील माझा."

हे मी बाईंना सांगितलं. त्यांनी विचारलं, "मग ते कपडे कुणाचे हे कसं कळतं?"

दत्तोबांनी कोपऱ्यातला एक ढीग दाखवला. साड्या, झब्बे, एक कोट, कशावरही खूण नाही. बाईंनी पर्स माझ्या हातात दिली, पुढे झाल्या आणि दोन्ही हातांनी तो ढीग पार कालवून टाकला. वानखेडेने डोळे मिटले.

दत्तोबांनी एकेक कपडा उचलायला सुरुवात केली.

"ह्यो डॉक्टरांचा झब्बा. उजव्या खिशाला ओढ हाय, किल्ल्या तितंच टाकत्यात. ही कानडेबाईंची साडी. बोलताना पदर हाताला गुंडाळत्यात, हितं चुण्या पडत्यात बगा. कोट ब्यांकेतल्या सायबांचा. कोपरं झिजल्यात, टेबलावर टेकून डुलक्या काढत्यात. आन् ह्यो आपल्या जोशीसायबांचा कुर्ता."

"कशावरून?" जोशींनी विचारलं.

"मागनं कॉलर विरलीया. मान सारखी न्हाई-न्हाई म्हनत हालती तुमची."

मी हे भाषांतर फार मन लावून केलं. बाई खळखळून हसल्या, प्रधान सर हसले, आणि जोशींना आयुष्यात पहिल्यांदा 'हं'सुद्धा सुचलं नाही. ढीग संपला. एकही कपडा चुकला नव्हता.

बाईंनी जोशींचा कुर्ता उचलून कॉलर उजेडात धरून बघितली. मग म्हणाल्या, "हे! मला हे हवंय. टॅग नको, खूण नको. कपडा बघून माणूस ओळखायचा. तुमच्या सॉफ्टवेअरला हे जमेल?"

"अर्थातच!" प्रधान सर म्हणाले. बाईंचं वाक्य अजून पुरतं संपायचं होतं.

"किती वेळ लागेल?"

सरांनी वानखेडेकडे बघितलं. वानखेडेने खिशातल्या फोनवर हात दाबून धरला. जोशींनी तोंड उघडलं, वानखेडेच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि परत मिटलं.

"दोन आठवडे," वानखेडे म्हणाला.

बाईंनी त्याच्याशी हात मिळवला आणि आमच्यासमोरच इंग्लंडला फोन लावून काम चालू ठेवायला सांगितलं. वानखेडे कंपाउंडच्या भिंतीकडे तोंड करून फोनवर ओरडला, "वाचलो बे पोट्टेहो! वाचलो!" त्याचे डोळे भरून आले होते. माझेही आले. नाही कशाला म्हणू?

दत्तोबांना गलबला कळेना. त्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "काय म्हनाला त्यो पोरगा?"

"तुम्ही कपडा बघून माणूस ओळखता ना दत्तोबा, ते तो कॉम्प्युटरला शिकवणार आहे. दोन आठवड्यांत."

दत्तोबांनी इस्त्री उभी करून ठेवली. वानखेडेकडे कौतुकाने बघितलं.

"हुशार हाय पोरगा," ते म्हणाले. "मला बावीस वर्सं लागली. आन् समोरच्या जुळ्या भावांचं अजून जमत न्हाई."